वाचकांचे प्रश्न : रॉड माशावरून नव्हे, आमिषावरून ठरवा

या वेळच्या पत्रांत रॉडचाच विषय जास्त होता, म्हणून हे पान त्यालाच दिले आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : मुलगा टेक्सासमध्ये डॅलसजवळ असतो. ऑक्टोबर ते मार्च आम्ही दोघे तिकडे राहणार आहोत. उजनीच्या पाण्यावर मी आधी बांबूच्या काठीने आणि पुढे साध्या स्पिनिंग रॉडने चिलापी, मरळ धरत आलो. तिकडे लार्जमाऊथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाची फार हौस आहे म्हणतात. तिथल्या दुकानांची यादी पाहिली तर बासच्या रॉडचेच शेकडो प्रकार दिसतात. खरोखर किती आणि कोणते घ्यावेत? इथून नेलेले चालतील का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दोन पुरतात. तुमचा मुक्काम हिवाळ्याचा आहे, त्यामुळे तिसराही घेण्यासारखा आहे. चौथा लागेल की नाही, ते तुम्ही कुठल्या पाण्यावर जाता त्यावर ठरेल.

दुकानातला 'बासचा रॉड' बासच्या वजनावरून बनवलेला नसतो, हे आधी लक्षात घ्या. रोज हाती लागणारा बास अर्धा ते दोन किलोचा असतो. जागतिक विक्रमसुद्धा २२ पौंड ४ औंसांचा, म्हणजे १० किलोच्या जरासा वर आहे. १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी तो केला आणि २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्याची बरोबरी केली. आपला कटला याहून मोठा होतो. तरीही बासला एवढे प्रकार आहेत, कारण तो राहतो अडचणीत. पडलेल्या झाडाच्या फांद्या, गवताची कड, लाकडी धक्क्याची सावली अशा जागी तो दबा धरून बसतो आणि समोरून जाणारे भक्ष्य झडप घालून तोंडात ओढतो. गळ लागला की तो लांब पळत नाही, मागच्या फांदीत वळतो. पहिल्या तीन-चार सेकंदांत त्याचे तोंड तुमच्याकडे वळवता आले नाही, तर दोरा फांदीला गुंडाळला जातो. म्हणून रॉड निवडताना तीन गोष्टी पाहायच्या : आमिषाचे वजन, त्याला लावलेला गळ एकेरी आहे की तिहेरी, आणि मासा बसलाय ती जागा किती दाट आहे.

पहिला रॉड सात फुटी, मीडियम-हेवी ताकदीचा, फास्ट वाकाचा (टोकाकडे वाकणारा), बेटकास्टिंग प्रकारचा (रिळाची चकरी स्वतः फिरते तो) घ्या. आमिषाची मर्यादा पाव ते एक औंस (७ ते २८ ग्रॅम) आणि दोऱ्याची, म्हणजे तो किती ओढीपर्यंत टिकतो याची, १२ ते २० पौंड असावी. त्यावर १५ पौंडी फ्लुरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारा एकतंतू दोरा) किंवा ३० ते ४० पौंडी ब्रेडेड, म्हणजे विणलेला दोरा भरा. रिळाचे गुणोत्तर (हँडलच्या एका फेऱ्यात चकरीचे किती फेरे) ७:१ च्या आसपास हवे, कारण माशाने आमिष घेतले की ढिला दोरा झटकन गोळा करावा लागतो. टेक्सास रिग (गळाचे टोक रबरी आमिषात लपवलेली जोडणी), जिग (शिशाचे डोके असलेला गळ), स्पिनरबेट (फिरत्या पात्याचे आमिष) ही सगळी जाड एकेरी गळाची कामे या एका रॉडवर होतात. तुम्हाला एकच रॉड परवडत असेल तर तो हाच.

दुसरा पावणेसात ते सात फुटी, मीडियम, फास्ट, स्पिनिंग. आमिष १/८ ते ५/८ औंस, म्हणजे साडेतीन ते साडेसतरा ग्रॅम. २५०० आकाराचे रीळ, १० ते १५ पौंडी ब्रेडेड दोरा आणि पुढे दीड-दोन मीटर ८ पौंडी फ्लुरोकार्बन. थंडीच्या महिन्यांत हा रॉड तुम्हाला पहिल्यापेक्षा जास्त लागेल. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार झाले की बास मंदावतो आणि मोठ्या, धावत्या आमिषामागे जात नाही. तेव्हा मधोमध गळ अडकवलेली मऊ रबरी कांडी किंवा तळाजवळ लोंबकळणारे छोटे ड्रॉप-शॉट आमिष लागते. पाच-सात ग्रॅमचे हे आमिष बेटकास्टिंगवर नीट फेकले जात नाही. स्पिनिंगची तुम्हाला सवयही आहे.

तिसरा सात फुटी, मीडियम ताकदीचा, पण मॉडरेट वाकाचा बेटकास्टिंग रॉड, फायबरग्लासचा किंवा कार्बन-ग्लास मिश्र. त्याचे काम तिहेरी गळांच्या आमिषांचे, म्हणजे क्रँकबेट (ओढताना डुलत बुडी घेणारा कडक नकली मासा) आणि गवतावरून खडखडत ओढायच्या चपट्या लिपलेस क्रँकबेटचे. तिहेरी गळ बारीक तारेचे असतात आणि ओठाच्या कातडीत वरवर लागतात. ताठ रॉडने हिसका दिला की कातडी फाटून मासा सुटतो. मॉडरेट रॉड अर्ध्यापर्यंत वाकतो, मासा आमिष पुरते तोंडात घेईपर्यंत ढील देतो आणि नंतर माशाचे धक्के सोसतो. इथे हिसका देऊच नये. वजन जाणवले की रीळ फिरवत रॉड बाजूला ओढावा. रीळ ५:१ ते ६:१ चे, दोरा १२ पौंडी फ्लुरोकार्बन. पाणी १५ ते १८ अंश सेल्सिअसला पोचू लागले की बास अंडी घालण्यासाठी उथळात सरकतो. टेक्सासमध्ये हा काळ साधारण फेब्रुवारीच्या मध्यानंतर येतो आणि तेव्हा या रॉडचे चीज होते.

चौथा सव्वासात ते साडेसात फुटी, हेवी, फास्ट, ५० ते ६५ पौंडी ब्रेडेड दोऱ्याचा. पाण्यावर गवताची चटई असेल आणि तिच्यावरून पोकळ रबरी बेडूक ओढायचा असेल तरच घ्या. तो हंगाम तिकडे मुख्यतः उन्हाळ्याचा. तुमच्या सहा महिन्यांत तो बहुधा कोपऱ्यातच उभा राहील.

इथून नेण्याबद्दल. सात फुटी एकसंध रॉड ८४ इंचांचा होतो आणि विमानात सामानाची लांबी-रुंदी-उंची मिळून मर्यादा बहुतेक ठिकाणी ६२ इंच असते. दोन तुकड्यांचा रॉड ४३-४४ इंचांत बसतो. तीन-चार इंची पीव्हीसी पाइप हार्डवेअरच्या दुकानातून कापून घ्या, दोन्ही तोंडांना टोप्या लावा, आत सोलापुरी टॉवेल गुंडाळून रॉड ठेवा. तरीही आमचे मत असे की इथला स्पिनिंग रॉड न्यावा आणि बेटकास्टिंगचा संच तिकडेच घ्यावा. तिकडे निवड मोठी आहे आणि हातात धरून तोल पाहता येतो.

डॅलसच्या पूर्वेला लेक फोर्क हा मोठा जलाशय आहे. राज्याचा विक्रमी बास, १८.१८ पौंडांचा, तिथेच १९९२ साली मिळाला. पाण्यात उभी वाळकी झाडे फार आहेत, तेव्हा पहिल्या रॉडवर बारीक दोरा लावून जाऊ नका. तिथे १६ ते २४ इंच लांबीचा बास ठेवता येत नाही, जागीच सोडावा लागतो. मोजपट्टी जवळ ठेवा. टेक्सासमध्ये १७ वर्षे पूर्ण झालेल्या पाहुण्यालाही परवाना लागतो. राज्य उद्यानाच्या हद्दीत काठावरून धरायला मात्र लागत नाही.

प्रश्न : रॉडवर 'मीडियम-हेवी', 'फास्ट', 'आयएम-७', '३० टन' असे लिहिलेले असते. दुकानदार म्हणतो, टनाचा आकडा जितका मोठा तितका रॉड मजबूत. हे खरे आहे का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही. उलट, हातून तुटणारे रॉड बहुतेक मोठ्या आकड्याचेच असतात.

टनाचा आकडा कार्बनच्या तंतूचा ताठपणा सांगतो, मजबुती नाही. तंतू जितका ताठ तितका कमी लागतो, म्हणून दांडा हलका होतो आणि दोऱ्याची बारीक थरथर मुठीपर्यंत येते. पण त्याच्या भिंती पातळ असतात. होडीच्या काठावर आपटला, वर्षभराने त्याच जागी ताण आला, की आपल्या कडक भाकरीसारखा कट्कन मोडतो. २४ ते ३० टनांचा रॉड हौशी माणसाला भरपूर झाला. 'आयएम-६', 'आयएम-७' ही मुळात एका कंपनीच्या तंतूंची व्यापारी नावे. ती दर्जाची पायरी म्हणून छापली जातात, पण सगळ्यांना बांधून घेणारे असे काही प्रमाण नाही.

ताकद आणि वाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक इथेच गोंधळतात. ताकद म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो : अल्ट्रालाइट, लाइट, मीडियम-लाइट, मीडियम, मीडियम-हेवी, हेवी. वाक म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट रॉड टोकाकडच्या तिसऱ्या हिश्शात वाकतो, मॉडरेट अर्ध्यापर्यंत, स्लो थेट मुठीपर्यंत. हेवी पण मॉडरेट असा रॉड असू शकतो, लाइट पण फास्टही असू शकतो.

शिवाय एका कंपनीचा मीडियम-हेवी दुसरीच्या हेवीएवढा निघतो. म्हणून शब्द सोडा आणि मुठीच्या वर बारीक अक्षरांत छापलेले आमिषाचे वजन वाचा. ते औंसात असते : पाव औंस ७ ग्रॅम, ३/८ औंस साडेदहा, अर्धा १४, पाऊण २१, एक औंस २८ ग्रॅम. त्यातही रॉड खुशीत चालतो तो मधल्या पट्ट्यात. ७ ते २८ छापले असेल तर १० ते २० ग्रॅमला उत्तम. ७ ग्रॅमला रॉड वाकतच नाही, म्हणजे फेकीला जोर मिळत नाही. २८ ला पूर्ण ताकदीने फेकले की टोकावर अति ताण येतो.

दुकानात आणखी तीन गोष्टी तपासा. एक, कड्या मोजा. सात फुटी बेटकास्टिंग रॉडला टोकाची कडी धरून किमान आठ-नऊ हव्यात. कमी असल्या तर ताण आल्यावर दोरा दांड्याला घासतो. दोन, प्रत्येक कडीच्या आतल्या सिरॅमिक वळ्यातून टॉवेलाचा सुटा धागा किंवा कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकला तर वळे तडकलेले आहे आणि ब्रेडेड दोरा तिथे कापला जाणार. तीन, रॉड डोळ्याला लावून बंदुकीसारखा पाहा. कड्या एका रेषेत हव्यात. रीळ लावून तोलही पाहून घ्या. तर्जनीवर रिळाच्या जरा पुढे टेकवल्यावर टोक धाडकन खाली गेले तर दिवसभरात मनगट दुखेल.

प्रश्न : बेटकास्टिंग रीळ घेतले आणि पहिल्या दिवसापासून दोऱ्याचे घरटे होते आहे. दोन वेळा दोरा कापून फेकला. रीळ खराब आहे की माझे काही चुकते?
– एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : रीळ बहुधा ठीक आहे. स्पिनिंगमध्ये चकरी स्थिर असते, आमिष जेवढे ओढेल तेवढाच दोरा सुटतो. बेटकास्टिंगमध्ये चकरी स्वतः फिरते. आमिष हवेत मंदावते, चकरी मात्र त्याच वेगात फिरत राहते आणि जास्तीचा दोरा आतच उलटा गुंडाळला जातो. म्हणून चकरीला आवर घालायचा आणि अंगठ्याला तिच्यावर लक्ष ठेवायला शिकवायचे.

आधी दोरा बदला. शिकेपर्यंत १४ ते १५ पौंडी साधा नायलॉन भरा. ब्रेडेड दोरा ताणाखाली स्वतःच्याच थरांत रुततो आणि पुढच्या फेकीला तिथेच अडकतो. काठोकाठ भरू नका, चकरीच्या कडेपासून ३ मिलिमीटर जागा सोडा. भरताना दोरा ओल्या फडक्यात चिमटीत धरून ताणात गुंडाळा. सैल भरलेला दोरा हे घरट्याचे एक मोठे आणि दुर्लक्षित कारण आहे.

आता १४ ग्रॅमचे आमिष किंवा गळ नसलेले शिसे बांधा. रॉड आडवा धरून चकरी मोकळी करणारी अंगठ्याची पट्टी दाबा. हँडलच्या बाजूची छोटी गोल कळ अशी घट्ट करा की आमिष सावकाश खाली उतरेल आणि जमिनीला टेकताच चकरी थांबेल. टेकल्यावर दोन-तीन फेरे जास्त फिरली तर कळ अजून घट्ट करा. मग दुसऱ्या बाजूचा चुंबकी ब्रेक १० पैकी ८ वर ठेवा.

मैदानावर जा, पाण्यावर नको. बाजूने, खालच्या पातळीत, अर्ध्या जोराने फेका. फेक गुळगुळीत हवी. झटका दिला की चकरी एकदम उसळते. अंगठा पूर्ण वेळ दोऱ्याला पिसासारखा टेकलेला असावा आणि आमिष जमिनीला लागण्याच्या क्षणी घट्ट दाबला जावा. सलग वीस फेकी घरट्याविना झाल्या की ब्रेक एक आकडा कमी करा. चार-पाचवर आलात म्हणजे हात बसला. ब्रेडेड दोरा तेव्हा भरा. आधी नायलॉनचे आठ-दहा वेढे द्या, नाहीतर गुळगुळीत ब्रेडेडचा सगळा गठ्ठा चकरीवर घसरतो आणि ड्रॅगच (माशाने ओढल्यावर दोरा थोडा थोडा सोडणारा आवर) सुटल्यासारखे वाटते.

वाऱ्याच्या तोंडावर फेकताना ब्रेक दोन आकडे वाढवायचा. आपल्याकडे मे महिन्यात दुपारनंतर उजनीवर वारा सुटतो, तेव्हा शिकायला जाऊ नये.

घरटे झालेच तर कापण्याची घाई नको. अंगठ्याने चकरी घट्ट दाबा, हँडलचे दोन-तीन फेरे फिरवा, मग अंगठा उचलून दोरा हळू ओढा. बहुतेक गुंता त्यानेच सुटतो, कारण आतले फास चपटे होऊन मागे सरकतात. नाही सुटला तर पुन्हा तेच करा. गळाच्या टोकाने उकरू नका. दोऱ्याला चरे पडतात आणि तो नंतर माशावर तुटतो.

प्रश्न : अमेरिकन बासचा रॉड आपल्या मरळीला चालतो का? हिप्परग्याच्या एकरुख तलावावर आणि उजनीच्या मागच्या पाण्यावर जातो.
– एक वाचक, शेळगी

उत्तर : चालतो. दोघांचे वागणे सारखे आहे : उथळ, गवताळ पाणी, दबा, अचानक झडप, लगेच गवतात घुसणे. फरक आमिषाचा आणि तोंडाचा.

अमेरिकन बेडूक १५ ते २० ग्रॅमचे असतात. आपल्याकडे मरळीला चालणारे लहान बेडूक ६ ते १२ ग्रॅमचे. त्यामुळे बासचा हेवी रॉड घेतला तर बेडूक दहा मीटरही जात नाही आणि लोक म्हणतात रॉड वाईट. मरळीला सव्वासहा ते सात फुटी, मीडियम-हेवी, फास्ट, ५ ते २० ग्रॅम मर्यादेचा रॉड घ्या. बेटकास्टिंग जमत नसेल तर ३००० आकाराचे स्पिनिंग रीळ आणि ३० पौंडी ब्रेडेड दोरा. जलपर्णी दाट असेल तर ४० ते ५० पौंडी.

मरळीचे तोंड हाडाळ आणि दातेरी आहे, बासचे दात मात्र कानशीसारखे खरखरीत. म्हणून पुढे ३० ते ४५ सेंटिमीटर ४० पौंडी जाड नायलॉन किंवा फ्लुरोकार्बन लावा. फक्त ब्रेडेड दोरा लावून चालते, पण प्रत्येक माशानंतर शेवटचा वीतभर दोरा बोटांत फिरवून पाहा. खरखर लागली की कापून पुन्हा बांधा. गाठ पॅलोमर : दोरा दुहेरी करून गळाच्या नेढ्यातून काढा, साधी सैल गाठ मारा, तयार झालेल्या फासातून अख्खा गळ काढा, थुंकीने ओले करून ओढा. कोरडी ओढली तर नायलॉन घर्षणाने तापून तिथेच कमजोर होतो.

पाणी फुटले की लगेच हिसका देणे ही सगळ्यांची चूक. मरळ आधी बेडकावर नुसती आदळते. टोक तिच्याकडे खाली करा, ढिला दोरा गोळा करा, दोऱ्याला वजन जाणवू द्या, मग वरच्या दिशेने जोरात हिसका. त्यानंतर थांबू नका. डोके पाण्यावर ठेवून गवतावरूनच ओढत आणा. ड्रॅग जवळजवळ बंद असावा, पण काटा लावून मोजा : ३० पौंडी दोऱ्याला साडेतीन ते चार किलो ओढीला सुटला पाहिजे. इतर दोऱ्यांनाही त्यांच्या ताकदीचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा, हाच हिशोब.

पावसाळ्यात पृष्ठभागावर तांबड्या पिल्लांचा गोळा खदखदताना दिसला तर तिथे बेडूक टाकू नका. खाली नर-मादी राखण करत असतात. ती पिल्ले वाचवायला आमिषावर तुटून पडतात, भूक म्हणून नव्हे. पालक काढले की चिलापी आणि इतर मासे गोळा संपवतात. हे आम्ही विनंती म्हणून लिहीत नाही, पुढच्या वर्षी मरळ हवी असेल तर दुसरा मार्ग नाही. आणि जलाशयांवर मासेमारीचे ठेके असतात. ठेकेदाराला किंवा तिथल्या मच्छीमार संस्थेला विचारूनच बसा.

प्रश्न : दोन किलोचा मासा काठावर उचलताना नवा रॉड टोकापासून फूटभर वर मोडला. दुकानदार बदलून देत नाही. दोष कोणाचा?
– एक वाचक, मोहोळ

उत्तर : मोडलेली जागा आणि प्रसंग पाहता, उचलण्याचा. रॉड माशाचा जोर दमवण्यासाठी आहे, वजन उचलण्यासाठी नाही. मासा काठाशी आला की माणूस रॉड डोक्यामागे नेतो. तेव्हा दांड्याचा जाड भाग सरळ राहतो आणि सगळा ताण टोकाच्या फूट-दीड फुटात गोळा होतो. दोरा आणि रॉड यांच्यातला कोन काटकोनाहून लहान होऊ देऊ नका. शेवटी रॉडच्या लांबीएवढा दोरा बाहेर ठेवा, टोक बाजूला वळवा आणि मासा जाळीत घ्या. बास असेल तर खालचा ओठ अंगठा-तर्जनीत धरून उचलता येतो. मरळीला तसे करू नका, बोट रक्तबंबाळ होईल.

टोकाची नुसती कडी गेली असेल तर दुरुस्ती घरी होते. मोडलेले टोक बारीक पॉलिश पेपरने सपाट करा, त्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून तेवढ्याच नळीची कडी आणा. कडीच्या नळीत गरम करून वितळवायचा रॉडचा डिंक लावा, बसवा, इतर कड्यांच्या रेषेत फिरवा, गार होऊ द्या. ज्योत दांड्याला लावू नका, आतला राळ जळतो. फूटभर मोडला असेल तर रॉड आखूड आणि ताठ होतो. तो आता जड शिशाच्या तळगळाला वापरा.

सोलापूरच्या उन्हात बंद गाडीत रॉड ठेवू नका. मे महिन्यात आतली हवा ६० अंशांच्या वर जाते, टोकाच्या कडीचा डिंक सैल होतो आणि दोन वेगळ्या प्रकारची रबरी आमिषे एका डबीत असतील तर एकमेकांत विरघळतात. आणि कार्बन वीजवाहक आहे. शेताच्या कडेच्या विजेच्या तारांखाली रॉड उभा करू नका. वळवाचे ढग गडगडले की रॉड आडवा ठेवून पाण्यापासून दूर व्हा.

प्रश्न : माझे ३० बाय ३० मीटरचे शेततळे आहे. त्यात लार्जमाऊथ बासची पिल्ले सोडून इथेच हौस करता येईल का? पिल्ले मिळतात असे एकाने सांगितले.
– एक वाचक, माढा

उत्तर : करू नका, आणि विकणाऱ्याकडून घेऊही नका. बास मूळचा उत्तर अमेरिकेचा. परदेशी मासा आणायला केंद्र सरकारची परवानगी लागते. जपानमध्ये १९२५ साली आशी सरोवरात तो मुद्दाम सोडला. तिथून तो देशभर पसरला, स्थानिक लहान मासे खात गेला आणि शेवटी २००५ साली तिथल्या कायद्याने त्याला आक्रमक परकी जात ठरवून पाळण्या-सोडण्यावर बंदी आणावी लागली. जगातल्या १०० सर्वांत वाईट आक्रमक जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. माढ्याचे शेततळे पावसात भरून ओढ्याला लागले, ओढा भीमेला लागला, की तो नदीत पोचलाच. चिलापीने उजनीत काय केले ते तुम्ही रोज पाहता.

शेततळ्यात मरळ सोडा. आपलीच आहे, हवेतून श्वास घेते म्हणून कमी प्राणवायूच्या पाण्यात तगते, आणि बेडकावर बासइतकीच जोरात येते. एकाच आकाराची पिल्ले सोडा, नाहीतर मोठी लहानांना खातात. कडेला जाळी उभी करा, कारण पहिल्या पावसाच्या रात्री मरळ सरपटत बाहेर निघते.